दुसऱ्याच्या पिंपातला फेस

मला बिअर आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कडू लागते आणि नंतर दोन तास ढेकर येत राहतात. तरीही मागच्या वर्षी मी अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये पाच गॅलनचं प्लॅस्टिकचं पिंप आणून ठेवलं, त्यात घरी केलेली बिअर भरली आणि तिच्यातला गॅस टिकावा म्हणून तीन महिने जिवाचं रान केलं. कारण एवढंच होतं की माझी मुलगी दर रविवारी माझ्या मित्राच्या पिंपाकडे जात होती आणि माझ्याकडे येत नव्हती.

मित्र मूळचा नागपूरचा. आमची ओळख पंचवीस वर्षांची आणि आमच्या घरांमध्ये गाडीने चार मिनिटांचं अंतर. अमेरिकेत यायच्या आधी तो दहा वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरला होता. तिथे त्याला घरी बिअर करायचा नाद लागला. इथे जे लोक घरी बिअर करतात ते ती स्टीलच्या उंच टाक्यांत भरतात आणि शेजारी गॅसचा सिलिंडर उभा करतात. याने मात्र लेस्टरहून सामानाबरोबर एक तपकिरी प्लॅस्टिकचं पिंप आणलं होतं. बुटकं, पोट सुटलेलं, खाली तोटी आणि वर तळहाताएवढं झाकण. वहिनी होत्या तोवर त्या पिंपात बर्फ साफ करायचं मीठ ठेवलेलं असायचं. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला असतो, तो महिन्यातून एकदा फोन करतो. मग कधीतरी मित्राने मीठ बाहेर काढलं आणि पिंप धुतलं.

या पिंपाची सगळी गंमत दाबात आहे. आंबवून तयार झालेली बिअर त्यात ओतायची, मूठभर साखर घालायची आणि झाकण लावून टाकायचं. बिअरमध्ये उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि गॅस सोडतं. गॅसला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो बिअरमध्येच मुरतो. ग्लासात जो फेस येतो तो त्याचा. तोच गॅस बिअरला तोटीतून बाहेर ढकलतो. पण प्रत्येक ग्लासागणिक आतला दाब कमी होत जातो आणि पिंप अर्ध्यावर आलं की तोटी गुळगुळ आवाज करत उलटी हवा आत ओढायला लागते. हवा शिरली की चार दिवसांत बिअर बिघडली म्हणून समजा. त्यासाठी झाकणाच्या मधोमध एक पितळी झडप असते. अंगठ्याएवढ्या स्टीलच्या नळकांडीतला गॅस तिथून फुस्सकन आत सोडता येतो. आणि आतला गॅस फारच वाढला तर झडपेभोवतीचा रबरी पट्टा आपोआप उचलला जाऊन जास्तीचा गॅस बाहेर पडतो. थोडक्यात, कुकरची शिट्टी.

आता मुलीबद्दल. ती सव्वीस वर्षांची आहे, जन्म इथलाच. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची दोन वर्षं चांगल्या मार्कांनी पूर्ण केल्यावर तिने कॉलेज सोडलं आणि ती प्लंबिंग आणि गॅसफिटिंगच्या कामावर शिकाऊ म्हणून लागली. मला हाताने काम करायला आवडतं, एवढंच तिचं कारण होतं. मी तेव्हा काय बोललो ते इथे लिहायलाच हवं. मी म्हणालो, "लोकांचे तुंबलेले संडास उपसायला आलो होतो का आपण अमेरिकेत?" पुढच्या महिन्यात तिने शेजारच्या शहरात, वूस्टरला दोन मैत्रिणींबरोबर जागा घेतली.

तेव्हापासून घरी येणं म्हणजे दिवाळी आणि आईचा वाढदिवस. यायची, जेवायची, भांडी घासून जायची. तिचं काम कसं चाललंय हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारलं तर मान्य केल्यासारखं होईल असं मला वाटायचं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं तर मी "मेकॅनिकलमध्ये आहे" असं सांगायचो आणि बायको दुसरीकडे बघायची.

मागच्या सप्टेंबरात एका रविवारी मी कोथिंबीर आणि दूध आणायला निघालो होतो. मित्राच्या ड्राइव्हवेमध्ये पांढरी व्हॅन उभी दिसली. व्हॅनच्या टपावर शिड्या बांधलेल्या आणि मागच्या काचेवर, मुलगी दिवाळीला आली तेव्हा मी स्वतः चिकटवलेला छोटा गणपती. घरी येऊन बायकोला म्हटलं, "आपली मुलगी त्याच्याकडे काय करते आहे?"

"त्यांचा वॉटर हीटर गळत होता, तो तिने दुरुस्त केला. आता पिंप दुरुस्त करते आहे," बायको कोथिंबीर निवडत म्हणाली. "गेले चार रविवार जाते आहे. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं, मित्राला तर होतंच, बहुतेक शेजारच्या कुत्र्यालाही असावं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. लहानपणी शेजारच्या मुलाला सायकल मिळाली तेव्हा दुखलं होतं, तेच आणि त्याच जागी. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ते इतक्या ओळखीने परत येईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी काहीतरी निमित्त काढून मित्राकडे गेलो. बेसमेंटमधून तिचं हसणं ऐकू येत होतं. पायऱ्या उतरलो तर ती पिंपासमोर मांडी घालून बसलेली. एका हातात साबणाच्या पाण्याची वाटी, दुसऱ्या हातात जुना टूथब्रश. झाकणाच्या कडेने ती फेस लावत होती आणि कुठे बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघत होती.

"हाय बाबा," ती मान वर न करता म्हणाली, आणि मित्राला म्हणाली, "काका, बघा, इथे. बुडबुडे येतायत ना? झाकण सैल होतं. आणि रिंगला व्हॅसलिन लावायचं, पण अगदी थोडं. हाताने घट्ट करायचं. पाना लावून पिळलंत तर रिंग चेपते, मग अजून लीक होतं."

मी तिथे उभा राहून ऐकत होतो. ही मुलगी माझ्याशी बोलताना 'ओके' आणि 'फाइन' या दोन शब्दांवर भागवते. त्याच्याशी ती सलग सहा वाक्यं मराठीत बोलली होती, तीही चुका न करता. मित्राने ग्लास भरला. वर दोन बोटं पांढरा फेस आला आणि तसाच राहिला.

"बघ बे," तो मला म्हणाला, "आपल्या पोट्टीने गॅस कसा धरून ठेवला."

आपल्या. मी ती बिअर घेतली आणि छान आहे म्हणालो. ती खरोखरच छान होती, हे मला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात मी पिंप मागवलं. माझा हिशेब सरळ होता. पिंप माझ्याकडे आलं की मुलगीही येईल. पण तिला बोलवायचं म्हणजे 'माझं बिघडलंय, तू दुरुस्त कर' असं म्हणावं लागणार, आणि ते माझ्या जिभेवर येईना. म्हणून मी ठरवलं की आधी आपलं पिंप उत्तम चालवून दाखवायचं. ते चाललं की तीच म्हणेल, बाबा, मला बघायचंय. या विचारातली गफलत मला तेव्हा दिसली नाही. ज्या पिंपाला काही झालेलंच नाही ते बघायला ती कशाला येईल?

माझं पिंप चाललं नाही, तो भाग वेगळा. बिअर बरी झाली होती. साखर मोजून घातली होती. झाकणाच्या रबरी रिंगला व्हॅसलिन लावायचं हे ऐकलेलं होतं, पण घरात व्हॅसलिन नव्हतं आणि खोबरेल तेलाची बाटली होती. मी म्हटलं, वंगण ते वंगण. आमच्याकडे दाराच्या बिजागरीपासून टाळूपर्यंत सगळ्याला खोबरेल चालतं. बोटाने व्यवस्थित चोपडलं आणि झाकण लावलं. बेसमेंटमध्ये थंडी. बाथरूममधली खोबरेलाची बाटली हिवाळाभर गोठलेली असते हे मी तीस वर्षं रोज सकाळी बघतो आहे, पण डोक्यात काही उजेड पडला नाही. तेल रिंगखाली गोठून त्याचे खडे झाले आणि त्या खड्यांमधून गॅस निघून गेला. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की तोटीतून बिअर करंगळीएवढ्या धारेने येते आणि ग्लासात चहासारखी सपाट पडून राहते. मी एकामागून एक नळकांड्या मारल्या. संध्याकाळी मारलेला गॅस सकाळी गायब. झाकण पान्याने आवळलं. मग साखर जास्त घातली. मग माझी आई जुन्या कुकरला लावायची तशी झाकणाभोवती कणीक लावली. तिला तीन दिवसांत बुरशी आली आणि बायकोने बेसमेंटमध्ये कपडे धुवायला यायचं बंद केलं.

फोनवर मुलीला मी सांगितलं, "मीही बिअर करतोय हं."

"ओह, नाइस. प्रेशर होल्ड करतंय?"

"एकदम," मी म्हणालो.

"गुड," ती म्हणाली. संपलं संभाषण.

रविवारी मी दूध आणायला जायचो. दूध असलं तरी जायचो. व्हॅन असली की दिवस नासायचा आणि नसली की आता का नाही आली म्हणून हुरहूर लागायची. मित्राचा फोन आला की तो पहिल्यांदा पिंपाची खबर द्यायचा. या वेळी झाकण सैल निघालं, या वेळी तोटीचा वॉशर, पोट्टी दोन तास बसली होती, जाताना वरणभात खाऊन गेली. माझ्या मुलीला त्याच्या हातचं वरण आवडतं हे मला त्याच्याकडून कळत होतं. मी "अरे वा" म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर बायकोवर उगाच खेकसायचो.

नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मित्र आठवडाभरासाठी मुलाकडे फ्रीमाँटला गेला. जाताना घराची किल्ली मला दिली. बाहेर कडाक्याची थंडी होती, हीटिंग बंद पडलं तर पाइप फुटतात, म्हणून रोज एक चक्कर मार म्हणाला. "पिंप नवीन भरलं आहे," तो म्हणाला. "पोट्टीने नवी रिंग टाकून एकदम टाइट करून ठेवलं. आलो की रविवारी तुम्ही तिघं जेवायला या, सोबतच उघडू."

पहिल्या दिवशी मी खरंच फक्त हीटिंग बघायला गेलो होतो. बेसमेंटमध्ये उतरलो. पिंप कोपऱ्यात होतं. वरून बोटाने वाजवून पाहिलं तर टणक लागलं. आत दाब भरपूर होता. झाकणाशेजारी निळ्या टेपचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर मार्करने देवनागरीत लिहिलं होतं, 'काका हात लावू नका'. अक्षर वाकडंतिकडं, 'वू'चा उकार उलटा काढलेला. या मुलीला मी चार वर्षं दर रविवारी गाडीत घालून मराठी शाळेत नेलं. चार वर्षांत तिने मला कधी एक ओळ लिहून दिली नाही. वाढदिवसाचं कार्डसुद्धा इंग्रजीत.

मी वर गेलो, मित्राच्या ड्रॉवरमधून चहाचा चमचा घेतला आणि खाली आलो. आई कुकरची वाफ काढायला शिट्टी चमच्याच्या दांड्याने उचलायची, तसाच मी झडपेवरचा रबरी पट्टा उचलला. गॅस बराच वेळ सुसू करत राहिला. आवाज थांबल्यावर मी पट्टा नीट जागेवर बसवला, चमचा धुतला, पुसला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

बिअरमध्ये मुरलेला गॅस एका दमात निघत नाही. वरचा गेला की खालचा हळूहळू वर येतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी वाजवून पाहिलं तेव्हा पिंप परत जरा टणक झालं होतं. मी पुन्हा चमचा आणला. असं चार दिवस चाललं. मला वाईट वाटलं असं मी इथे लिहिलं तर ते खोटं होईल. बरं वाटत होतं. गाडी चालवत घरी येताना मी शीळ घालत होतो.

मित्र परतला. रविवारी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, मुलगी तिच्या व्हॅनमधून आली. त्याने भाजलेले शेंगदाणे, कांदा, लिंबू असं सगळं मांडलं होतं. मुलीने ग्लास तोटीखाली धरला. बिअर रडतखडत आली आणि तोटीने गुळगुळ आवाज केला. ग्लासात फेसाचा एक ठिपका नव्हता.

"व्हॉट?" ती म्हणाली आणि ग्लास उजेडात धरून बघत राहिली.

मग ती कामाला लागली. शेंगदाणे तसेच राहिले. व्हॅनमधून टूलबॉक्स आणला. झाकण तपासलं, घट्ट होतं. रिंग काढून बोटांनी चाचपली, नवी होती, कुठे चीर नव्हती. झडपेला साबण लावला. तोटीला लावला, तोटीच्या नटाला लावला, पिंपाच्या जोडावरून वरपासून खालपर्यंत लावला. नळकांडी मारून आत गॅस भरला आणि समोर बसून राहिली. एक बुडबुडा आला नाही. तासाभराने पिंप होतं तसंच टणक होतं.

"आता होल्ड करतंय," ती म्हणाली. "मग आधीचा गॅस गेला कुठे? काका, कोणी उघडलं होतं का?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, चष्मा पुसता पुसता. "नाही," तो म्हणाला.

मी शेंगदाण्यांची वाटी जवळ ओढली. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तीन तास गेले. मी त्या मुलीला काम करताना पहिल्यांदाच इतका वेळ पाहत होतो. हात घाई करत नव्हते. प्रत्येक जोडावर ती आधी बोट फिरवायची, मग कान लावायची, मग साबण लावायची. एका डायरीत काहीतरी लिहून घेत होती. ती तिच्या कामात चांगली होती, हे मला कळायला ते काम माहीत असायची गरज नव्हती. आणि ती जे शोधत होती ते तिच्यामागे खुर्चीत बसून शेंगदाणे सोलत होतं.

शेवटी तिने टूलबॉक्स बंद केला. मी तो उचलून द्यायला तिच्याबरोबर बाहेर आलो. तिने तो माझ्या हातात दिला नाही.

"माझी लायसन्सची एक्झाम जानेवारीत आहे," ती व्हॅनचं दार सरकवत म्हणाली. "मी पुश करते बहुतेक. नेक्स्ट इयर बघू."

"का?"

"का म्हणजे? एका प्लॅस्टिकच्या बॅरलमधला लीक मला सापडत नाही. उद्या मी कोणाच्या घरात गॅसची लाइन टाकणार आणि सांगणार की इट्स सेफ, झोपा तुम्ही? लहान मुलं असतात बाबा घरात." तिने टूलबॉक्स आत ढकलला. "मे बी यू वर राइट. मे बी हे माझं काम नाही."

सहा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. कितीदा तरी मी गाडीत एकटा असताना तिने हे म्हटल्यावर आपण काय बोलायचं याची तयारी केली होती. मोठ्या मनाने जवळ घ्यायचं, कॉलेजचा फॉर्म कुठे मिळतो ते सांगायचं. आता ती समोर उभी राहून तेच बोलत होती आणि मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. मी म्हणालो, "असं नको म्हणू." ती म्हणाली, "फाइन," आणि व्हॅन चालू केली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून मी परस्पर मित्राकडे गेलो. त्याने चहा टाकला. मी कुठून सुरुवात करावी याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "या खेपेला मी काही केलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी करत होतो." तो शेगडीकडे तोंड करून बोलत होता. "पहिल्या दोन वेळा खरंच लीक होतं. तिने ते ठीक केलं. मग पुढचा रविवार आला, ती काऊन येईल? म्हणून शनिवारी झाकण पाव आटा सैल करायचो. एकदा वॉशर उलटा बसवला. ती यायची, शोधायची, सापडलं की खूश व्हायची. मग जेवायला थांबायची." त्याने चहा गाळला. "या वेळी मी तिकडे फ्रीमाँटला होतो. किल्ली तुझ्याकडे. मला रविवारीच समजलं."

मला राग यायला हवा होता. त्याने माझ्या मुलीला दोन महिने बनवलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पुन्हा तसंच पोटात दुखलं. पाव आटा. इतकं सोपं होतं ते. माझं तर पिंप आपोआप गळत होतं, मला सैलही करावं लागलं नसतं. फक्त फोन करून सांगायचं होतं. तेवढंही मला सुचलं नव्हतं आणि याला सुचलं.

"परीक्षेच्या आधी सांगावं लागेल," तो म्हणाला. "दोघांनीही."

त्याने तिला मेसेज केला की गॅस कुठे गेला ते सापडलं. मंगळवारी ती कामावरून थेट आली. जाड जॅकेट, गुडघ्यांवर माती, केस टोपीखाली. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेजारी शेजारी बसलो होतो.

आधी मित्र बोलला. त्याने काही लपवलं नाही, वॉशरचंही सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीत बसली, तोंडावर हात ठेवला आणि हसायला लागली. "ओ माय गॉड, काका. आणि मी तुम्हाला प्रत्येक वेळी शिकवत होते, झाकण कसं लावायचं. नुसता फोन करायचा ना. मी आले असते." तिने उठून त्याच्या पाठीवर एक चापट मारली. त्याचे डोळे भरून आले होते.

ते बघून मला धीर आला. म्हटलं, गुन्हा तर दोघांचा एकच आहे. मग मी माझं सांगितलं.

ती हसली नाही. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"चार दिवस. रोज एकदा."

"आणि मी तीन तास शोधत होते, तेव्हा तू बसला होतास."

"हो."

"मी बाहेर तुला एक्झामचं सांगितलं. तेव्हाही बोलला नाहीस."

"नाही."

"व्हाय?"

काहीतरी बरं दिसेल असं कारण शोधायला मला फार वेळ लागला नसता. पण टेबलापलीकडे मित्र बसला होता आणि तो नुकताच खरं बोलला होता. मी म्हणालो, "तू याच्याकडे येतेस आणि माझ्याकडे येत नाहीस, ते मला सहन होत नव्हतं."

ती टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग हळू आवाजात, मला नीट समजावं म्हणून एकेक शब्द मराठीत जुळवत म्हणाली, "काकांनी गॅस सोडला, मी यावं म्हणून. तू सोडलास, मी येऊ नये म्हणून. ते सेम नाहीये, बाबा."

मित्र खाली बघत होता. तिने टोपी घातली, जॅकेटची चेन वर ओढली आणि दाराकडे निघाली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मी बोललो.

"माझं पिंप गॅस धरत नाही. तीन महिने झाले. होल्ड करतंय म्हणालो होतो ते खोटं होतं. मला लीक सापडत नाहीये. तू येऊन बघशील?"

ती पाठमोरीच थांबली. मग खिशातून फोन काढला आणि त्यावर बोटाने काहीतरी वर-खाली करत राहिली. अनोळखी घरी वेळ देताना बोलत असेल तशा आवाजात, फोनमधून डोळे न काढता म्हणाली, "सॅटर्डे. दहा ते बाराची विंडो आहे. घरी कोणीतरी ॲडल्ट असायला लागतं."

"मी असेन," मी म्हणालो.